धीर, उधारी आणि गिरणगाव

आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य वर्षानुवर्षं फिरत आलंय. लग्नात, बारशात, तेराव्याला, चार माणसं जमून जुन्या गोष्टी निघाल्या की कोणीतरी ते म्हणतंच. "परळ-लालबागच्या माणसाला पैसा साठवताच आला नाही. हातात आला की उडवला. त्या मानाने गिरगावातले आपले लोक बघा, आण्याआण्याने साठवून घरं केली."

आमचे अर्धे नातेवाईक गिरगावातले आणि अर्धे परळचे. त्यामुळे या वाक्यावर अर्धं घर मान डोलावतं आणि अर्धं घर गप्प बसतं. गप्प बसणाऱ्यांत माझी मामी असते. मामा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मामी काही बोलत नाही, पण तिचा चेहरा बघवत नाही. तेव्हा आज जरा हिशेब मांडून बघूया म्हटलं. कोण उधळ्या आणि कोण धीराचा, हे ठरवायचं तरी कसं?

हे वाक्य आपल्या घरातलं वाटलं तरी ते आपलं नाही, ही पहिली गंमत. शंभर वर्षांपूर्वीचे गिरणीमालक आणि साहेब लोकही हेच म्हणायचे. मजूर अदूरदर्शी आहे, लग्नकार्यात आणि दारूत पैसे घालवतो, म्हणून कर्जात बुडतो. कर्ज मात्र खरंच होतं. १९३१ साली हिंदुस्थानातल्या कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला (व्हिटली कमिशन म्हणून तो ओळखला जातो). बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात आहेत, आणि कर्जाची रक्कम बहुधा तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त असते, असा अंदाज त्यात दिला आहे. मुंबईत सावकाराचा एक नेहमीचा दर होता, रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किती किरकोळ! पण सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वर्षाचे बारा आणे व्याज. शेकडा पंचाहत्तर! पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर हातात काठी घेऊन उभा असलेला पठाण त्या काळच्या प्रत्येक वर्णनात भेटतो.

आता दुसरी बाजू. पगार कधी मिळायचा? गिरणीत महिन्याचा पगार महिना संपल्यावर, तोही लगेच नाही. आधीचे दहा-पंधरा दिवस गिरणीकडेच अडकलेले असत. १९३६ साली पगार वाटपाचा कायदा झाला तेव्हा मर्यादा आली: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात दिवसांत, हजार किंवा जास्त असतील तर दहा दिवसांत पगार द्यायचा. म्हणजे कायदा झाल्यावरसुद्धा एक तारखेला केलेल्या कामाचे पैसे हातात यायला चाळीस दिवस लागू शकत. गावाहून आलेला नवा माणूस बोरीबंदरला किंवा भाऊच्या धक्क्याला उतरला आणि नशिबाने दुसऱ्याच दिवशी कामाला लागला, तरी पहिले चाळीस दिवस त्याने खायचं काय? वाण्याकडे उधारी, खानावळीत उधारी, खोलीच्या भाड्याची उधारी.

जरा थांबून विचार करा. तो माणूस गिरणीला महिनाभराची मेहनत उधार देत होता, बिनव्याजी. आणि तोच माणूस पोटासाठी पंचाहत्तर टक्क्यांनी उधार घेत होता. या व्यवहारात वाट बघणारा कोण आणि घाई करणारा कोण, तुम्हीच सांगा.

बरं, काम तरी रोज मिळेल याची खात्री होती का? नव्हती. कामावर घेणं-काढणं जॉबरच्या हातात. बदली कामगार रोज सकाळी दरवाजावर हजर राहायचा. कोणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर परत घरी. १९३५ साली मालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्डं देऊन नोंद ठेवायची पद्धत आणली. त्यामुळे जॉबरची मनमानी काहीशी कमी झाली, पण रोज दरवाजावर उभं राहणं काही सुटलं नाही. ज्याला उद्या काम आहे की नाही हे ठाऊक नाही, त्याला वीस वर्षांनंतरच्या घराचं नियोजन कर म्हणून सांगणं ही थट्टाच आहे.

आणि तरीही गिरणगावातला माणूस साठवत होता! फक्त आपण बचत म्हणतो त्या जागी नाही. गावाकडचं घर, जमिनीचा तुकडा, भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न यात तो पैसा जात होता. मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिणारे राजनारायण चंदावरकर यांनी हे फार नीट दाखवलं आहे. कामगार गावाशी धरून राहिला तो अडाणी होता म्हणून नव्हे, तर शहरातली नोकरी भरवशाची नव्हती म्हणून. आजारपण, संप, टाळेबंदी आली की गावच आधार द्यायचं. म्हणजे तो दरमहा मनिऑर्डर करायचा, तो त्याचा विम्याचा हप्ताच होता असं म्हणा ना. पासबुक तेवढं नव्हतं.

गिरणगावातली गावकरी मंडळंही तशीच. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, भिंतीला खुंट्यांवर टांगलेल्या पिशव्या, आणि मंडळाची वर्गणी. कोणी वारला, कोणाला गावी न्यायचंय, की त्या डब्यातून पैसे निघायचे. कुणी बुडवले तर? जाणार कुठे! त्याची आई आणि खजिनदाराची आई एकाच विहिरीवर पाणी भरतात.

भिशीचं गणित तर आपल्या घरातल्या सगळ्या बायकांना पाठ आहे, पण त्यातली एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. बारा जणी, दरमहा शंभर रुपये. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला बाराशे मिळतात, आणि पुढचे अकरा महिने ती कर्ज फेडते. जिची चिठ्ठी शेवटी निघते तिने अकरा महिने इतरांना कर्ज दिलेलं असतं, व्याज शून्य. मग ही शेवटची बाई वेडी आहे का? अजिबात नाही. पहिलीने बाराशे घेतल्यावर ती पळून जाणार नाही, याची तिला खात्री असते. कारण ती समोरच्या खोलीत राहते, पाण्याच्या नळावर रोज भेटते, आणि तिला पुढच्या भिशीतही यायचं असतं. अकरा महिन्यांचा तो धीर तिला शेजारणीच्या भरवशामुळे जमतो.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. धीर हा आपण स्वभावाचा गुण समजतो, शिस्तीचा, संस्कारांचा. पण तो बराचसा एक अंदाज असतो. समोरचा शब्द पाळेल का, एवढाच प्रश्न.

आता गिरगावात येऊ. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दोनच वर्षांनी, १९०६ च्या डिसेंबरात, श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने एक पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. १९१५ साली त्याच मंडळींनी गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. १९१८ च्या सप्टेंबरात सारस्वत सहकारी पतसंस्था निघाली, आजची सारस्वत बँक. आपले गिरगावकर ज्यांचा अभिमान बाळगतात ती घरं आणि ती पासबुकं या परंपरेतली. हा अभिमान खोटा नाही, या लोकांनी खरोखर मोठं काम केलं.

पण ते का जमलं तेही बघायला हवं. सभासद बहुतेक कारकून, शिक्षक, वकील. पगार कमी असेल, पण ठरलेला आणि ठरलेल्या दिवशी येणारा. शिवाय सगळे एकमेकांना ओळखणारे, एका ज्ञातीचे, एका मठाचे, एकमेकांत सोयरीक असलेले. हप्ता थकवला तर मुलीच्या लग्नाच्या वेळी विषय निघणार! थोडक्यात, भिशीतली शेजारीण आणि गावकरी मंडळातली विहीर इथेही होतीच. फरक इतकाच, की इथल्या विश्वासाला कायद्याचा शिक्का, हिशेबाच्या वह्या आणि नियमित पगाराची जोड मिळाली. त्यामुळे अकरा महिन्यांचा धीर वीस वर्षांचा होऊ शकला.

या विश्वासाला कुंपणही होतं, हे विसरून चालणार नाही. ज्ञातीबाहेरच्या माणसाला त्या घरात जागा नव्हती. पुढे या बँकांची दारं सर्वांना उघडली म्हणून त्या मोठ्या झाल्या. 'आपल्या' माणसावरचा विश्वास सुरुवातीला उपयोगी पडतो, पण अनोळखी माणसाचा पैसा सांभाळायचा तर नियम, हिशेब आणि तपासणीच लागते.

याच विषयावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. लहान मुलासमोर गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन देईन. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचा हा प्रयोग पुष्कळांना माहीत असतो. जी मुलं थांबली ती पुढे यशस्वी झाली, असा त्याचा बोध शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा ऐकवला जातो. (पुढे जास्त मुलांवर तपासून पाहिलं तेव्हा हा संबंध बराच फिका निघाला, आणि घरची परिस्थिती धरली तर आणखी फिका. असो.) पण २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी त्यात एक छोटी भर घातली. अठ्ठावीस मुलांचे दोन गट केले. खाऊच्या आधी त्यांना चित्रं काढायला बसवलं आणि सांगितलं, थांब, तुला याहून छान रंग आणून देते. एका गटाला खरंच रंग आणून दिले. दुसऱ्या गटाला सांगितलं, माफ कर, संपले. मग खाऊचा प्रयोग. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. चौदातली नऊ मुलं पूर्ण पंधरा मिनिटं थांबली. दुसऱ्या गटातलं फक्त एक.

साडेचार वर्षांच्या आसपासची मुलं, जेमतेम दोनदा फसवलेली. आणि आपण तीन पिढ्या दरवाजावर उभं राहिलेल्या माणसाला विचारतो, तुला धीर का नाही?

नाही कसा? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठएक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मान्यताप्राप्त संघटना एक आणि विश्वास भलत्याच माणसावर, अशी परिस्थिती. १९४६ च्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि कामगार गेले डॉ. दत्ता सामंतांकडे. आठवडा नाही, महिना नाही, वर्ष उलटून गेलं तरी माणसं बसून राहिली. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याचं राजकारण काय, चूक कोणाची, यावर आपल्याकडे जेवणं थंड होईपर्यंत भांडणं झालेली आहेत, ती इथे नकोत. पण बिनपगारी वर्षभर थांबणाऱ्या माणसाला उतावळा म्हणता येत नाही एवढं तरी मान्य करू.

ते थांबू शकले कोणाच्या जिवावर? गावावरून आलेल्या तांदळाच्या पोत्यावर. वाण्याच्या वहीवर. बायकोने धरलेल्या घरकामावर. आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांवर. या बायका महिन्याचं जेवण आधी घालायच्या आणि पैसे पगाराच्या दिवशी घ्यायच्या. म्हणजे गिरणीने अडकवलेल्या पगाराचा भार शेवटी चुलीपाशी बसलेली बाई उचलायची, तीही सावकाराकडून किंवा वाण्याकडून उधार घेऊन. १९७३-७४ च्या संपातही त्यांनी पोरांना उधारीवर जेवू घातलं. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिलं, आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बायकांचे गट, एकमेकींची हमी, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांनी ते कर्ज घेतलं आणि फेडलं. इतकी वर्षं न फेडणाऱ्या वर्गात ज्यांना टाकलं होतं त्या याच बायका, बरं का. व्याजाचा दर माणसाला परवडेल असा झाला आणि पुढच्या कर्जाची खात्री पटली, तर माणूस आजचं पोट मारून हप्ता भरतो.

संपानंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गिरण्या एकेक बंद, जमिनी मोकळ्या, चिमण्यांच्या जागी टॉवर. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग शहराला आणि म्हाडाला देण्याचं ठरवलं. २००१ साली त्यात असा बदल झाला की वाटणीला येणारी जमीन फारच थोडी उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली जून २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. संप सुरू होऊन तोवर तीस वर्षं झाली होती. २०१६ आणि २०२० च्या सोडती धरून आकडा सोळा हजारांच्या आसपास जातो. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. मामांचा अर्ज त्यातलाच एक. मामा २००९ मध्ये गेले. अर्जाची पावती मामीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीखाली ठेवली आहे. आता सांगा, पैसे साठवता न आलेलं घर ते हेच का?

२०२५ साल तर या विषयाचा धडाच होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दादरच्या टोरेस ज्वेलरीच्या शोरूमपुढे माणसांची झुंबड उडाली. खडे विकत घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा अशी ती योजना. परतावा थांबला आणि सगळं उघडं पडलं. लोभी म्हणून त्या माणसांना पुष्कळ शिव्या दिल्या गेल्या. मला वेगळंच वाटत राहिलं. आठवडा! वीस वर्षांच्या वचनावर ज्याचा विश्वास उरलेला नाही, त्याला आठवड्याचंच वचन खरं वाटतं. आज दिले, पुढच्या सोमवारी पुन्हा दिले, म्हणजे माणूस शब्दाचा पक्का. ठगाने नेमकी हीच जागा हेरली. शिवाय माणसं आणली ती कोणी? शेजाऱ्याने, मेव्हण्याने, भाजीवाल्या ताईने. ज्या ओळखीवर भिशी चालते त्याच ओळखीवर ही लूटही चालली. तेव्हा विश्वास म्हटला की सगळं भलं, असंही नाही. भिशीत पैसा कुठे आहे हे बाराही जणींना दिसत असतं. इथे तो कोणालाच दिसत नव्हता.

महिन्याभरात, १३ फेब्रुवारी २०२५ ला, प्रभादेवीच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. तिजोरीतल्या १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. ही बँक म्हणजे जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ साली काढलेली बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक, टॅक्सीवाल्यांची, कामगारांची. ठेवीदारांना फेब्रुवारीच्या शेवटी पंचवीस हजारांपर्यंत काढायची मुभा मिळाली, आणि ४ ऑगस्टपासून बँक विलीन झाली... कोणात? सारस्वत बँकेत. गिरगावातल्या १९१८ च्या त्या रोपट्याने कामगारांच्या बँकेची सगळी खाती आपल्या अंगावर घेतली. नातेवाईक मंडळी, आपल्या दोन्ही घरांची सोयरीक अशीही झाली म्हणायची!

यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ठेवींचा विमा आपल्याकडे १९६२ पासून आहे. १९६० साली पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या दोन बँका बुडाल्या तेव्हा तो सुचला. सुरुवातीला १,५०० रुपयांपर्यंत, १९९३ पासून एक लाख, आणि २०२० पासून पाच लाख. हा कंटाळवाणा आकडा हीच आजची विहीर आहे. अनोळखी माणसाच्या हातात पैसा ठेवून रात्री झोप लागते ती त्याच्या जिवावर.

काही वर्षांपूर्वी ७६ देशांतल्या ऐंशी हजार लोकांना धीर, जोखीम, विश्वास अशा गोष्टींविषयी विचारून एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्या देशांतले लोक जास्त धीराचे, ते देश जास्त श्रीमंत, असं त्यात दिसलं. यावरून लगेच लोक म्हणणार, बघा, धीर धरला म्हणून श्रीमंत झाले. पण उलटही असू शकतं ना? जिथे पगार वेळेवर होतो, कोर्टात निकाल लागतो, बँक बुडली तरी पैसे मिळतात, तिथे धीर धरणं परवडतं. निव्वळ आकड्यांवरून हे सुटणार नाही. गिरगाव आणि परळ यांच्यात तीन-चार मैलांचं अंतर. भाषा एक, गणपती एक, कोकणातली गावंही पुष्कळदा शेजारची. मग धीरात एवढा फरक पडला तो रक्तातून आला असं मला तरी म्हणवत नाही. तो पगाराच्या तारखेतून आला.

सध्या याचं जिवंत उदाहरण बघायचं तर बीडीडी चाळी बघा. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली झालं, आणि माणसं खोल्या सोडायला तयार होईनात. संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या तिथेच काढल्याच्या कहाण्या या शहरात कोणाला माहीत नाहीत? आधी करार द्या, मग खोली रिकामी करतो, असं रहिवासी म्हणत राहिले. तेव्हा त्यांना आडमुठे म्हणणारे पुष्कळ होते. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. माझा अंदाज असा, की नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या घराघरांत त्या किल्ल्यांचे फोटो फिरले असणार. हजार सभांनी झालं नसेल ते काम त्या ५५६ किल्ल्या करतील. रंगाची पेटी खरंच आणून दिली की पोर थांबतं.

तेव्हा पुढच्या लग्नात कोणी ते वाक्य म्हटलं तर एवढंच विचारा, त्यांचा पगार किती तारखेला व्हायचा? आणि मामी, पुढच्या सोडतीची यादी लागली की ती पावती घेऊन मी बरोबर येतो.